पाच खुणांची किल्ली

रिद्धपूर म्हटलं की गोविंदप्रभू आठवतात, म्हाइंभटांचं लीळाचरित्र आठवतं आणि आता मराठी भाषा विद्यापीठही. महानुभावांच्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच येतं. किल्ली ठाऊक असेल त्यालाच पोथी वाचता येते. आजचा गेमपॅड चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरशी बोलतो तोही असाच, एका खुणेच्या जागी दुसरी ठेवून. ही किल्ली शाळकरी मुलालाही जमेल इतकी सोपी आहे. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज : असे जुने कॉम्प्युटर आपल्याकडे नव्हतेच.
वस्तुस्थिती : होते. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. १९८२ च्या ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमच्या घराण्यातला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ तर पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं काढला. ४८ केबी मेमरी, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची असते तशीच कॅसेट. माळ्यावर असा डबा सापडला तर भंगारात घालू नका.

गैरसमज : मूळ मशीन नसेल तर काहीच करता येत नाही.
वस्तुस्थिती : ‘फ्यूज’सारखा मोफत इम्युलेटर साध्या लॅपटॉपवर आख्खा स्पेक्ट्रम उभा करतो. यूएसबी गेमपॅड जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘केम्पस्टन’ ही जॉयस्टिक निवडायची. मूळ मशीन असेल, तर मात्र नुसत्या वायरी जोडून भागत नाही. जुनी जॉयस्टिक म्हणजे पाच साधे स्विच. यूएसबी गेमपॅड माहितीची पाकिटं पाठवतो. मधे ती उलगडणारी मायक्रोकंट्रोलरची चिप लागतेच.

गैरसमज : गेमपॅड जितका महाग, तितका जुना गेम चांगला खेळता येतो.
वस्तुस्थिती : केम्पस्टनला चार दिशा आणि एक फायर, एवढंच कळतं. गोल फिरणारी काडी किती कलली हे नवा गेमपॅड बारकाईनं मोजतो, पण स्पेक्ट्रमपर्यंत फक्त ‘दाबलं’ किंवा ‘नाही दाबलं’ पोचतं. म्हणून इथे अधिकच्या चिन्हासारखं दिशाबटण जास्त कामाचं. ते निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी हातातल्या ‘डाँकी काँग’ गेमसाठी १९८२ मध्येच आणलं होतं.

गैरसमज : गेमपॅड खेळण्यापुरता, प्रोग्रामिंगशी त्याचा काय संबंध?
वस्तुस्थिती : दोन ओळी लिहून बघा. ओळ १० : प्रिंट ॲट ०,०; इन ३१. ओळ २० : गो टू १०. ‘इन ३१’ म्हणजे केम्पस्टनकडून आलेला आकडा. स्पेक्ट्रमवर ‘प्रिंट’ अक्षरं जुळवून लिहावा लागत नाही. ‘पी’ची कळ दाबली की पूर्ण शब्द उमटतो. प्रोग्राम चालवला की कोपऱ्यात ० दिसतो. दिशाबटण उजवीकडे दाबा, १ येतो. डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. उजवीकडे दाबून ठेवून फायर केलं की १७.

आता दोन्ही बटणं एकदम सोडा. पडद्यावर ० नाही, ०७ दिसेल! गेमपॅड बिघडलेला नाही. नवा शून्य जुन्या १ वर छापला गेला, ७ मात्र तसाच राहिला. आकड्यामागे दोन रिकाम्या जागा छापा, चूक गेली. स्वतःची चूक शोधून दुरुस्त करणं हाच प्रोग्रामिंगचा पहिला धडा.

१, २, ४, ८, १६ हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. यांतले कोणतेही आकडे मिळवा, येणारी बेरीज दुसऱ्या कोणत्याही जोडणीतून येत नाही. म्हणून १७ दिसताच कोणती दोन बटणं दाबली आहेत हे कॉम्प्युटरला नेमकं कळतं. बायनरी म्हणतात ती हीच. फळ्यावर ती रुक्ष वाटते. अंगठ्याखाली आली की पोर विसरत नाही.

कीबोर्ड मात्र बाजूला ठेवू नका. प्रोग्राम त्याच्यावरच लिहायचा आहे. गेमपॅडनं आकडा द्यायचा आणि त्याचा अर्थ लावणारी पुढची ओळ आपण लिहायची.