सैनिक मित्रास निरोप

मित्र सैन्यांत जावयास निघाला म्हणजे त्यास निरोप कसा द्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. परंतु तो तसा नाहीं. परगांवीं शिकावयास गेलेला मित्र सुटींत परत येतो. सीमेवर जाणाऱ्याविषयीं तसें निश्चयानें सांगतां येत नाहीं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यास याचा अनुभव आहे. १८ सप्टेंबर २०१६ रोजीं काश्मिरांतील उरी येथील हल्ल्यांत ज्या सैनिकांस वीरमरण आलें, त्यांत वणी तालुक्यांतील नेरड गांवचे विकास कुळमेथे हे होते.

म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनीं निरोपाच्या शब्दांविषयीं काळजी घेतली आहे. निघणारा 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. पोंचविणारेहि 'जा' न म्हणतां 'ये' म्हणतात. आई हातावर दही घालते, बहीण औक्षण करते, कोणाच्या घरीं प्रार्थना होते. रीति भिन्न असल्या तरी भाव एकच: तुझी जागा येथें राखून ठेविली आहे. तथापि धामणगांवच्या फलाटावरून गाडी दृष्टीआड झाली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आम्हांस वाटत नाहीं. खरें कर्तव्य तेथूनच सुरू होतें.

पहिलें कर्तव्य पत्र लिहिण्याचें. सैनिकाच्या पत्त्यांत गांवाचें नांव नसतें. सैनिक क्रमांक, हुद्दा, नांव, पलटण आणि शेवटीं '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', एवढेंच लिहावयाचें. ५६ ची डाक दिल्लीस व ९९ ची कोलकात्यास जमा होते. तेथून ती निवडून, पलटण असेल तेथें धाडली जाते. ही व्यवस्था जुनी आहे. १८५६ सालीं इराणच्या मोहिमेवर गेलेल्या फौजेबरोबर हिंदुस्थानांतून प्रथम लष्करी टपालकचेऱ्या गेल्या होत्या. आज मोबाइलवर बोलतां येतें हें खरें. परंतु दुर्गम ठाण्यांवर तो नेहमींच लागतो असें नाहीं, आणि पत्र पुनःपुन्हां वाचतां येतें. त्यांत शौर्याच्या मोठमोठ्या गोष्टी लिहूं नयेत. पाऊस केव्हां पडला, कापूस कसा आला, घरचीं माणसें कशीं आहेत, हेंच त्यास हवें असतें.

दुसरें कर्तव्य मौनाचें. मित्राची पलटण कोठें आहे व केव्हां हलणार, हें विचारूं नये. कळलें तरी चारचौघांत किंवा मोबाइलवर प्रसिद्ध करूं नये. त्यामुळें त्याच्याच जिवास धोका पोंचतो.

तिसरें कर्तव्य त्याच्या घराचें. वेचणीच्या दिवसांत त्याच्या वडिलांच्या शेतांत एखादा दिवस हात लावावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत त्याच्या आईचें कांहीं काम असल्यास सोबत जावें. घरची काळजी कोणी वाहत आहे हें ठाऊक असलेला सैनिक पहाऱ्यावर निश्चिंत उभा राहतो.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा मित्र भरती झाला असेल, त्यांनीं तो निघण्यापूर्वींच त्याचा पत्ता लिहून घ्यावा, आणि पहिलें पत्र त्याच आठवड्यांत टपालांत टाकावें.