नाणी बोलतात – लेखांक ६ : घुबडावरचा घाव

मागच्या लेखांकात एजायना बेटाचे कासव पाहिले. आज त्याच्या शेजाऱ्याकडे, अथेन्सच्या घुबडाकडे वळू. ग्रीक चांदीची नाणी जमवू पाहणाऱ्या बहुतेकांच्या संग्रहात पहिले येते ते हेच चार द्राख्मांचे नाणे. वजन साधारण १७.२ ग्रॅम, चांदी जवळजवळ शुद्ध. ही चांदी अथेन्सजवळच्या लाव्रिओनच्या खाणींतली. इ. स. पू. ४८३च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधा, असा आग्रह थेमिस्टोक्लीसने धरला. तीनच वर्षांनी सालामिसच्या लढाईत त्या नौकांनी इराणी आरमाराचा पराभव केला.

नाणे ओळखताना आधी अथेना देवीचा डोळा पाहावा. चेहरा एका बाजूने दाखवलेला, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामाच्या आकाराचा. इ. स. पू. पाचवे शतक संपेपर्यंत टाकसाळीने तो तसाच ठेवला. चौथ्या शतकात तो चेहऱ्याला साजेसा झाला. मग शिरस्त्राण पाहावे. त्यावर ऑलिव्हची तीन पाने असतील आणि मागच्या बाजूला घुबडापाशी छोटी चंद्रकोर असेल, तर नाणे इराणी आक्रमण परतवल्यानंतरच्या काळातले. अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरे अथेन्सचे नाव सांगतात. या घुबडाचे अंग उजवीकडे आणि तोंड आपल्याकडे असते. ते पंख पसरून समोर उभे असेल आणि वजन ४३ ग्रॅमच्या आसपास भरत असेल, तर ते दहा द्राख्मांचे, अत्यंत दुर्मीळ नाणे.

आता घावाविषयी. पुष्कळ घुबडांवर छिन्नीने मारलेली खोल चीर दिसते. कधी ती घुबडाच्या अंगावरून गेलेली असते, कधी थेट देवीच्या गालावरून. संग्राहक अशी नाणी बाजूला सारतात आणि बाजारात त्यांना भावही कमी मिळतो. मला हे पटत नाही. आत तांबे भरून वर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळीही फिरत होती. इजिप्त आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना अथेन्सच्या शब्दापेक्षा आतल्या धातूची खात्री हवी होती, म्हणून ते नाणे कापून पाहत. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या खुणाही परीक्षेच्याच.

खुद्द अथेन्समध्ये याचा कायदा होता. इ. स. पू. ३७५-७४मधला निकोफोनचा कायदा कोरलेली शिळा १९७०मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, सापडली. त्यानुसार सरकारी गुलाम असलेला परीक्षक बाजारात बसे. नाणे खरे ठरले की ते मालकाला परत मिळे आणि ते नाकारणाऱ्या विक्रेत्याचा माल जप्त होई. आत तांबे-कासे किंवा शिसे निघाले, तर तो ते तिथल्या तिथे कापून टाकी. परीक्षकाने कामात हयगय केली, तर त्याला ५० फटके. म्हणून चिरेच्या तळाशीही चांदीच चमकत असेल, तर ते नाणे अडीच हजार वर्षांपूर्वीच परीक्षा पास झालेले आहे.

आजची नक्कल पकडायला वेगळी नजर लागते. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेष आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, वजनही बहुधा चुकते. अस्सल नाणी एकेक करून हातोड्याने ठोकलेली असतात. त्यामुळे दोन नाण्यांच्या कडांवर अगदी एकाच जागी एकसारख्या भेगा दिसल्या, तर निदान एक तरी खोटे समजा.

नाणे अस्सल ठरले तरी ते आले कुठून, हा प्रश्न उरतोच. १९८४मध्ये तुर्कस्तानात एल्माली इथे सुमारे १,९०० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात दहा द्राख्मांची नाणीही होती. तो चोरट्या मार्गाने अमेरिकेत पोहोचला आणि प्रदीर्घ कोर्टकचेरीनंतर १९९९मध्ये त्याचा मोठा भाग तुर्कस्तानला परत मिळाला. अशी नाणी जमिनीतून उपसली जातात, तेव्हा ती कोणी आणि का पुरली हे कळण्याचा मार्गच बंद होतो. विक्रेत्याकडे आधीच्या मालकीचे कागद मागा, आणि ते नसतील तर नाणे कितीही देखणे असले तरी घेऊ नका.