मुद्देमालातला संगणक

१ मार्च १९९० च्या सकाळी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात एका घराची झडती झाली. दूरध्वनी कंपनीच्या संगणकातून चोरलेला एक दस्तऐवज त्या घरातील तरुणापाशी असावा, असा सीक्रेट सर्व्हिस या सरकारी खात्याला संशय होता. अधिकाऱ्यांनी संगणक, प्रिंटर, फ्लॉप्या आणि घरातला टेलिफोनदेखील उचलला. फ्लॉप्यांबरोबर त्याच्या पत्नीचा अर्धवट लिहिलेला प्रबंधही गेला. (प्रबंधाची एकच प्रत ठेवण्याचा आळस आम्हीही केला आहे. हे वाचताना पोटात गोळा आला.) तो जिथे नोकरी करीत असे त्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या प्रकाशन कंपनीतूनही त्याच दिवशी संगणक नेले गेले. त्यांपैकी एकावर बाहेरच्या लोकांची १६२ न वाचलेली पत्रे होती.

दोन महिन्यांनी 'ऑपरेशन सनडेव्हिल' या मोहिमेत अनेक शहरांतून सुमारे चाळीस संगणक आणि २३,००० फ्लॉप्या जप्त झाल्या. अटक मात्र मोजक्यांनाच झाली. प्रत्येक फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची धरली, तरी तो सारा ढीग सुमारे ३३ गिगाबाइट भरतो. आज तो एका पेनड्राइव्हमध्ये मावेल.

पोलिसांना यातले नेमके काय हवे असते? चोरीची सायकल पकडली तर सायकल हाच मुद्देमाल. संगणकाचे तसे नाही. तबकडीवरील सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांची मांडणी, म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक माळ, हा खरा पुरावा. पडदा, कळफलक, डबा ही त्या माळेभोवतीची सामग्री.

मग घरीच यंत्र सुरू करून फाइली का पाहू नयेत? कारण नुसते सुरू केल्याने माळ बदलते. संगणक सुरू होताना शेकडो फाइलींत नोंदी करतो, वेळा बदलतो, तात्पुरत्या फाइली लिहितो. शिवाय 'पुसलेली' फाइल बहुधा लगेच पुसली जात नाही. अनुक्रमणिकेतले नाव तेवढे जाते आणि जागा मोकळी समजली जाते. नवी नोंद त्या जागेवर बसली की जुना मजकूर खरोखर नाहीसा होतो. म्हणून तज्ज्ञ तबकडी बाहेर काढतात, लिहिण्याचे आदेश अडवणाऱ्या एका उपकरणातून ती जोडतात आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागेसह पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत नक्कल करतात. एक टेराबाइटची तबकडी सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने वाचली, तर सुमारे एक तास एक्कावन्न मिनिटे लागतात. वर्गात हे गणित जरूर घालावे.

नक्कल मुळाबरहुकूम आहे, हे कसे सिद्ध करायचे? ४, ७, २ हे आकडे घ्या. बेरीज १३. पण ७, ४, २ असे उलटपालट केले तरी बेरीज १३ च राहते, लबाडी कळत नाही. आता प्रत्येक आकड्याला त्याच्या स्थानक्रमाने गुणून बेरीज करा. पहिल्यात ४ + १४ + ६ = २४, दुसऱ्यात ७ + ८ + ६ = २१. फरक उघड झाला! 'हॅश' या नावाने ओळखले जाणारे मूल्य याच कल्पनेचा फार पुढचा अवतार आहे. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या माळेपासून २५६ बिटांची, म्हणजे ६४ चिन्हांची, खूण काढते. एक बिट बदलला तरी खूण पार निराळी येते. लाखेचे सील डबा उघडला की नाही एवढेच सांगते. मांडणीची ग्वाही ही खूण देते.

ऑस्टिनच्या कंपनीवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. यंत्रे परत येईपर्यंत काही महिने गेले आणि दरम्यान निम्म्याच्या आसपास कर्मचारी कमी करावे लागले. १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी कंपनीला पन्नास हजार डॉलरहून अधिक भरपाई दिली. जप्त माहितीची नक्कल काही तासांत करून फार तर आठ दिवसांत ती परत देता आली असती, असे त्यांचे मत पडले.

मात्र मूळ यंत्र ठेवणे नेहमीच अनाठायी असते, असे आम्ही म्हणणार नाही. माहिती कूटबद्ध असेल, तर उलगडण्याची किल्ली कधी त्या यंत्रातल्याच चिपमध्ये असते. नव्या एसएसडी साठवणीत तर वीज मिळताच आतला नियंत्रक पुसलेल्या जागा आपणहून साफ करू लागतो. तिथे नुसते जोडणेही निरुपद्रवी नसते. आणि ज्या यंत्रात बेकायदा चित्रे आहेत, ते जसेच्या तसे परत करता येत नाही. पण या कारणांनी उंदीर, प्रिंटर किंवा मुलांच्या अभ्यासाचा दुसरा संगणक का अडवून ठेवावा, ते आम्हाला उमगलेले नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले, हे लिहावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरणही करायचे आहे. खूण काढायची योग्य वेळ जप्तीचीच, किंवा तिच्या शक्य तितकी जवळची. महिन्याभराने काढलेली खूण त्या दिवसापासूनची ग्वाही देते. मधल्या महिन्यात तबकडीवर कोणी काही लिहिले का, हे ती सांगू शकत नाही. मग ते लिहिणे आरोपीच्या विरुद्ध जाणारे असो की त्याच्या बाजूचे.