शरदातला समुद्र : दोघांसाठी दोन दिवस

आश्विन लागला की पनवेलच्या आसमंतात बदल जाणवू लागतो. कर्नाळ्याचा सुळका ढगांतून मोकळा होतो, गाढी नदीचे पाणी निवळते आणि चार महिने दमट राहिलेल्या घरांत स्वच्छ ऊन शिरते. याच सुमारास अनेक घरांत एक प्रश्न निघतो : दिवाळीची धांदल सुरू होण्यापूर्वी दोन दिवस दोघांनीच कुठे जाऊन यावे का?

हा प्रश्न चैनीचा मानून पुढे ढकलला जातो, ते योग्य नव्हे. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या लोकल प्रवासाला सुमारे ८० मिनिटे लागतात. रोज एवढा प्रवास जाऊन-येऊन करणारे, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची औषधे सांभाळणारे पती-पत्नी एकाच घरात राहूनही एकमेकांना निवांत भेटत नाहीत. त्यांचे बोलणे गॅस, फी आणि भाजी यांपुरते उरते. अपुरी झोप, चिडचिड, वाढलेला रक्तदाब, पित्ताचा त्रास ही या धावपळीची फळे असू शकतात. विश्रांती ही अशा घराची आरोग्यविषयक गरज आहे.

पनवेलकरांसाठी समुद्र दूर नाही. पेण, वडखळमार्गे अलिबाग सुमारे ७० किलोमीटर. त्याच्या दक्षिणेला लागून आक्षी, त्यापुढे नागाव आणि रेवदंडा. सुरूची बने, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शांत किनारा यांसाठी आक्षी-नागाव परिसर दोघांच्या मुक्कामास उत्तम. शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळावा. वडखळच्या वाहनांच्या रांगेतच निम्मा उत्साह संपू नये. एकाच गावी दोन रात्री राहावे. अलिबाग, काशीद, मुरूड आणि जंजिरा एका दमात उरकणाऱ्यांना सहल घडते, विसावा घडत नाही.

मात्र शरदाचे ऊन जितके देखणे, तितकेच प्रखर असते. पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेल्या शरीरावर सूर्यकिरण एकाएकी पडले की साठलेले पित्त प्रकुपित होते, असे वाग्भटाचार्यांनी ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. शरदाला वैद्यांची माता म्हणण्याचा जुना परिपाठ उगीच पडलेला नाही. म्हणूनच शरदऋतुचर्येत ऊन, दही, अतिभोजन, तीव्र मद्य आणि दिवसाची झोप वर्ज्य मानली आहे. तर चांदणे, जुना तांदूळ, मूग, आवळा आणि पडवळ यांची शिफारस केली आहे. किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. हवेतील दमटपणामुळे घाम लवकर वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो.

यावर उपाय सोपा आहे : समुद्र दिवसाच्या दोन टोकांना अनुभवावा. पहाटे उठून अनवाणी वाळूत चालावे. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्रीची झोप सुधारते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन तीव्र झाले असे समजून वाडीच्या सावलीत परतावे. ड जीवनसत्त्व याच चढत्या उन्हात अधिक तयार होते हे खरे. परंतु त्यासाठी हातपायांवर थोडा वेळ ऊन पुरते, भर दुपारी वाळूत पडून राहण्याचे कारण नाही. दुपार वाचन, गप्पा आणि साध्या जेवणासाठी ठेवावी. भात, सोलकढी, ताजी मासळी किंवा मुगाचे वरण पुरेसे होते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

समुद्राचा स्वभाव समजून घेणे तितकेच आवश्यक. कोकणात भरतीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत आहे : तिथीचा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजावे. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. याचा अर्थ असा, की कोजागरीच्या मध्यरात्री चांदणे पाहायला दोघे वाळूत बसतात, तेव्हा समुद्र जवळजवळ भरलेला असतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी आणि तिची ओढही अधिक. तेव्हा बैठक सुरूच्या बनाजवळ, उंचावर असावी. रात्री पाण्यात उतरू नये.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. जाण्यापूर्वी त्या दिवसाची नेमकी वेळ स्थानिकांना विचारावी आणि पाणी वाढू लागण्याआधीच परतावे. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे मागे सरत नाही, हेही लक्षात ठेवावे. पोहताना आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकत त्यातून बाहेर पडावे. मद्य घेतल्यावर पाण्यात जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सुट्टीतही मोडू नयेत. इन्शुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळी हवेतील काळजी डॉक्टरांना आधीच विचारावी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते सल्ल्यानेच घ्यावे. मधुमेहींनी वाळूत अनवाणी न चालता पादत्राणे घालावीत. पायांची संवेदना कमी असल्यास शिंपल्याची जखमही कळत नाही.

एवढी तयारी झाली की उरते ते दोघांचे एकत्र असणे. पहिल्या दिवशी बोलायला काही सुचले नाही, तरी घाबरू नये. इतक्या दिवसांच्या धावपळीनंतर मन हळूहळूच थांबते. घरी दिवसातून एकदा ठरल्या वेळी फोन करावा, एरवी तो पिशवीत ठेवावा. जुने हिशेब, नातेवाइकांच्या तक्रारी आणि मुलांचे गुण या दोन दिवसांत काढू नयेत. एकाला चालायचे असेल आणि दुसऱ्याला नुसते बसायचे असेल, तर तसेही करावे. सोबतीला दर क्षणी बोलण्याची गरज नसते.

दोन दिवसांनी वर्षभराचा शीण जात नाही. पण पहाटे एकत्र चालण्याची आणि सायंकाळी फोन बाजूला ठेवण्याची सवय मात्र घरी आणता येते. समुद्र रोज भेटणार नाही. वडाळे तलावाच्या काठी दोघांची अर्ध्या तासाची फेरी रोज होऊ शकते. ती सुरू झाली, तर शरदातली ही सहल खऱ्या अर्थाने आरोग्यदायी ठरली असे म्हणता येईल.