खाडीच्या गाळांतील बखर

भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. सह्याद्रींत उगम पावणारी उल्हास नदी दर पावसाळ्यांत माती व कुजका पालापाचोळा तिच्यांत आणून टाकते. थरावर थर बसत जातात. जितकें खोल जावें तितका काळ जुना.

पण त्यांतील कार्बन जमिनीवरचा कीं समुद्रांतला, हें कसें ओळखावें? झाडापाल्यांत नत्राच्या मानानें कार्बन बहुधा २० पटींहून अधिक असतो. समुद्रांतील सूक्ष्म शेवाळांत तो ६-७ पट. कोणत्या थरांत झाडापाल्याचा अंश वाढला हें पाहिलें, कीं डोंगरांवरील माती केव्हां अधिक वाहून आली याचा सुगावा लागतो. मात्र कांठच्या तिवरांचीं पानेंही अशीच साक्ष देतात. म्हणून निवाडा जपूनच करावा लागतो.

रेतीसाठीं खाडी उपसली, कीं थर कालवले जातात. ही बखर पुन्हां लिहितां येत नाहीं.