जोड्यांच्या व्यापाऱ्याचा कार्बुरेटर

इंग्लंडमध्ये घराला लागून असलेल्या, जेमतेम एक गाडी मावेल एवढ्या गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार सुटी करून पुन्हा जुळवण्याचा जो छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला, त्याचा विचार फेरारी किंवा ॲस्टन मार्टिनपासून सुरू करून चालत नाही. तो एमजी कंपनीच्या एमजीबीपासूनच करावा लागतो. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस असलेल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात ही गाडी आणि तिची सहा व आठ सिलिंडरची भावंडे मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. सिड एनेव्हर या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली आणि डॉन हेटर याने रेखलेल्या आकारात घडलेली ही गाडी दिसायला देखणी होती, पण तिच्या पोटात जवळजवळ काहीच खास नव्हते. इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) ‘बी’ मालिकेतले, म्हणजे कौटुंबिक मोटारींसाठी बनवलेले आणि येथे १७९८ घनसेंटिमीटरपर्यंत वाढवलेले. त्याच मालिकेतले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन भारतात हिंदुस्थान ॲम्बॅसडरला पिढ्यान्‌पिढ्या चालवत राहिले. ‘पोशाख स्पोर्ट्स कारचा आणि हाडे घरगुती मोटारीची’ असा आक्षेप एमजीबीवर घेतला जातो. परंतु ती आजवर टिकली त्याचे कारण नेमके हेच साधेपण आहे, कारण जे भाग लाखांनी बनले त्यांचे सुटे भाग मिळत राहिले आणि ते दुरुस्त करण्याची रीतही सर्वत्र पसरली.

गाडी ‘ताजी करणे’ आणि तिचा ‘जीर्णोद्धार’ करणे या दोन कामांत फरक आहे आणि जाणकार तो कटाक्षाने पाळतात. जीर्णोद्धारात गाडी शेवटच्या नटापर्यंत सुटी होते, सांगाडा रंगाला जातो आणि वर्षानुवर्षे ती चालत नाही; ताजी करताना मात्र ती शक्यतो चालती ठेवून, एका हंगामात ब्रेक, दुसऱ्या हंगामात सस्पेन्शन, असे टप्प्याटप्प्याने काम होते. अर्धवट सोडलेल्या जीर्णोद्धाराच्या खोक्यांनी भरलेली गॅरेजे पाहता दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा, असे म्हणावेसे वाटते. कोणत्याही मार्गाने गेले तरी आरंभ बॉनेटखालच्या छोट्या धातूच्या पट्टीच्या वाचनाने होतो. तिच्यावरील ‘जीएचएन’ या अक्षरांत पहिले अक्षर एमजीचे, दुसरे इंजिनाच्या आकारगटाचे आणि तिसरे दोन आसनी उघड्या गाडीचे असते. बंद छपराच्या जीटीला तेथे ‘डी’ येते, आणि पुढचा आकडा मालिका सांगतो. गेडन येथील मोटार संग्रहालयाच्या दफ्तरात कारखान्याच्या मूळ नोंदवह्या जपलेल्या असून त्यांच्या आधारे गाडी कोणत्या रंगात आणि कोठे पाठवण्यासाठी बनली याचे प्रमाणपत्र मिळते.

पत्र्याच्या कामात थोडे सावध राहावे लागते. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा, ज्याला मोनोकॉक म्हणतात, आणि छप्पर नसलेल्या गाडीत दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, बहुतेक ताकद पेलतात. या पट्ट्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. नवख्या माणसाने आधार न देता गंजका सिल कापला की गाडी मधोमध वाकते आणि पुन्हा दार लागत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून मगच कापणी करायची असते. हे संकट इतके सार्वत्रिक होते की १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने डेव्हिड बिशप यांच्या पुढाकाराने जुन्या प्रेसचे मूळ साचे शोधून काढून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडीच ऑक्सफर्डशरमधील फॅरिंग्डन येथे बनवायला घेतली. मूळ गाडी बंद होऊन आठ वर्षे झाल्यावर तिचा सांगाडा नव्याने विकत मिळू लागला, ही मोटारींच्या इतिहासातील मोठी विलक्षण घटना आहे. १९९२ची एमजी आरव्ही८ ही गाडी याच सांगाड्यातून निघाली आणि तिच्यापैकी बहुतेक जपानला गेल्या.

ब्रेक आणि विजेची वायरिंग ही प्रकरणे आवश्यक पण रटाळ असल्याने त्यांच्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. ल्यूकस कंपनीच्या विद्युत भागांवर ब्रिटिश मोटारवाले अंधाराचे विनोद करत आले असले, तरी निम्म्याहून अधिक दोष गंजलेल्या अर्थिंगच्या जोडांत सापडतो, असे म्हणण्यास हरकत नाही. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असल्याने नवा रेडिओ बसवताना तो जळतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. ब्रेकबाबत एक गंभीर बाब अशी की २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे, त्यामुळे अशा गाडीचा शेवटचा परीक्षक तिचा मालकच ठरतो. ही सूट घेण्यापेक्षा स्वेच्छेने तपासणी करून घेणारे मालक अधिक समंजस म्हणायचे.

खरा रस आहे तो इंजिनाच्या बाजूला कलत्या बसवलेल्या दोन एसयू कार्बुरेटरांत. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे हे उपकरण ज्या माणसाच्या डोक्यातून निघाले, तो पेशाने अभियंता नव्हता. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा ‘लिली अँड स्किनर’ या लंडनच्या नामांकित जोड्यांच्या व्यापारी घराण्यातला, आणि आयुष्यभर तो त्याच धंद्यात संचालक म्हणून राहिला. आपल्या मोटारीच्या कार्बुरेटरवर असमाधानी होऊन त्याने १९०५ साली नव्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या काळच्या कार्बुरेटरात हवेच्या वाटेचा आकार ठरलेला असे. इंजिन संथ फिरताना ती वाट फार मोठी पडे आणि वेगात फार अरुंद. हर्बर्टने ही वाटच हलती केली. इंजिनाने जितकी हवा मागावी तितकी वाट आपोआप उघडावी आणि त्याच हालचालीने पेट्रोलही मोजले जावे, असा तो बेत होता. पहिल्या नमुन्यात हलणारा भाग चामड्याच्या भात्यावर बसवलेला होता, आणि जोड्यांच्या घराण्यातल्या माणसाने चामडे निवडावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तो नमुना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

हर्बर्ट जोड्यांच्या पेढीवर राहिला, पण त्याचा धाकटा भाऊ कार्ल याने घराण्यातला आपला हिस्सा विकून कार्बुरेटरच्या धंद्यात उडी घेतली. १९१० साली एसयू कंपनीची नोंदणी झाली. ‘स्किनर्स युनियन’ची ती आद्याक्षरे. पुढे चामड्याचा भाता जाऊन पितळी पिस्टन आला आणि डब्ल्यू. ओ. बेंटलीसारख्यांनी हे उपकरण आपल्या गाड्यांना बसवले, तरीही पहिल्या महायुद्धानंतर कंपनीला धंदा तोट्याचा जाऊ लागला आणि १९२६ साली विल्यम मॉरिस याने ती विकत घेतली. एमजीचा जन्मही मॉरिसच्याच पंखाखालचा, त्यामुळे एमजीच्या बॉनेटखाली एसयू दिसणे ही एका घरातल्या सोयरिकीसारखी गोष्ट होती. कार्ल १९४८ पर्यंत कंपनीचा सूत्रधार राहिला. त्याची मुलगी बार्बरा आणि मुलगा पीटर तीसच्या दशकात शेल्सली वॉल्शच्या डोंगरचढाईच्या शर्यतींत स्वतःच्या बांधणीच्या गाड्या पळवत होते. पण मूळ कल्पना मात्र फावल्या वेळात यंत्राशी खेळणाऱ्या हर्बर्टची होती, आणि १९३१ साली तो गेला तेव्हाही तिचा गाभा तोच होता. हौशी माणसाने शोधलेले उपकरण आज हौशी माणसांच्याच हाती सर्वाधिक सुरक्षित आहे, याचे श्रेय त्या गाभ्याच्या साधेपणाला द्यावे लागते.

तो साधेपणा कार्बुरेटर टेबलावर उघडला की उमगतो. वरची घंटेच्या आकाराची टोपी काढली की खाली पिस्टन दिसतो आणि त्याच्या तळाला निमुळती होत गेलेली सुई. ही सुई जेट नावाच्या बारीक छिद्रात उतरते. थ्रॉटल उघडला की टोपीतील हवेचा दाब कमी होऊन पिस्टन वर उचलला जातो, सुईचा अधिक बारीक भाग जेटच्या तोंडाशी येतो आणि भोवतालच्या फटीतून अधिक पेट्रोल निघते. अचानक वेग घेताना मिश्रण थोडे घट्ट व्हावे यासाठी वेगळा पंप नाही. टोपीच्या नळीतले पातळ तेल पिस्टनला क्षणभर मागे धरते आणि तेवढ्या विलंबात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते. एमजीबीवरील प्रकाराचे नाव ‘एचएस४’ असून शेवटचा आकडा एक इंचावर किती अष्टमांश ते सांगतो, म्हणजे हवेची वाट दीड इंचाची. ‘एचएस२’ सव्वा इंचाचा आणि ‘एचएस६’ पावणेदोन इंचाचा.

घरगुती दुरुस्तीतले बहुतेक अपघात येथे अति उत्साहाने होतात. पिस्टन आणि टोपी ही कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेली जोडी असते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या कार्बुरेटरचे भाग वेगळ्या थाळ्यांत न ठेवल्यास दोन्ही बिघडतात. टोपी आतून पॉलिश पेपरने चमकवण्याचा मोह आवरावा. तिथला घासलेला सूक्ष्म थर परत आणता येत नाही आणि पिस्टनभोवतीची गळती वाढते. जुन्या स्थिर सुईच्या नमुन्यात जेट नेमके सुईच्या मध्यावर आणावे लागते: जेटचा नट सैल करून पिस्टन खाली दाबायचा, नट आवळायचा आणि मग पिस्टन उचलून सोडायचा, तो खट् आवाज करत तळाला टेकला तर काम झाले, अडखळत उतरला तर पुन्हा आरंभ. पुढील काळात प्रदूषणाच्या नियमांसाठी स्प्रिंगने एका बाजूला कललेली सुई आली आणि ही कसरत संपली, तरी मूळ कसरतीत शिकण्यासारखे अधिक होते. सर्वात दुर्लक्षित दोष मात्र थ्रॉटलच्या आडव्या दांड्यात असतो: तो झिजला की बाजूने हवा शिरते, इंजिन संथ चालत नाही आणि मालक बिचारा मिश्रणाचे नट फिरवत बसतो, नवे बूश आणि नवा दांडा बसवल्याखेरीज पुढचे सगळे व्यर्थ जाते.

दोन्ही कार्बुरेटरांनी सारखी हवा ओढावी यासाठी साधी रबरी नळी पुरते. तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सुस्कारा सारखा होईपर्यंत थ्रॉटल जुळवले जातात. मिश्रणासाठी बाजूची छोटी पिन वर ढकलून पिस्टन इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका उचलावा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, तो पडू लागला तर कमी, आणि क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर. महागड्या गॅस विश्लेषकाशिवाय इतके नेमके उत्तर देणारी कसोटी क्वचित आढळते.

असे असूनही बरेच मालक एसयू काढून इटालियन वेबर बसवतात, आणि एमजीबीवाल्यांच्या वर्तुळात हा वाद कधीच मिटलेला नाही. बोलोन्याच्या एडुआर्डो वेबरचे कार्बुरेटर शर्यतीत अप्रतिम होते. त्याच्या हवेची वाट स्थिर असते आणि वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळी जेट व नळ्या असतात, जुळवणी करताना त्या बदलाव्या लागतात. सतत पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीला ते शोभते, पण ग्रामीण रस्त्यावर रविवारी फिरणाऱ्या गाडीला तो बदल बहुधा फुशारकीचाच ठरतो. दुसरा पर्याय स्टँडर्ड-ट्रायंफने पुढे केला होता: स्पर्धक बीएमसीच्या घरचा एसयू घ्यायचा नाही म्हणून त्याच तत्त्वावरचा स्ट्रॉमबर्ग विकसित झाला आणि त्यात पिस्टनऐवजी रबरी पडदा आला. गंमत अशी की हर्बर्टच्या चामडी भात्याची लवचीकता या पडद्याच्या रूपाने परतली आणि तिच्याबरोबर कालांतराने फाटण्याची खोडही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीवर असा एकच स्ट्रॉमबर्ग बसू लागला. त्या गाड्यांची दुबळी चाल पाहिल्यास जुन्या जोडीचे मोल पटते.

एसयू हे नाव स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनावरही होते, पण तो कार्बुरेटर निराळ्या जातीचा, तरंगत्या फ्लोटवर चालणारा, आणि त्याच्यामुळे एक जीवघेणा दोष उद्‌भवला होता. विमान एकदम खाली वळवले की पेट्रोल उलटे उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे, तर पेट्रोल थेट फवारणाऱ्या जर्मन इंजिनांना तो त्रास नव्हता. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतील बिएट्रिस शिलिंग या अभियंतेने १९४१ साली पेट्रोलच्या वाटेत एक बारीक छिद्राची धातूची चकती घालून ही उणीव बरीचशी भरून काढली. स्वतः मोटारसायकलच्या शर्यती जिंकलेल्या या बाईंच्या कामाची दखल मोटारींच्या पुस्तकांत अजून पुरेशी घेतलेली नाही.

पुन्हा गॅरेजमधल्या गाडीकडे यायचे तर, ब्रिटनमध्ये २००० सालारंभी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह बसण्याच्या जागा झिजू लागल्या आणि कठीण धातूच्या कड्या बसवाव्या लागल्या. २०२१ पासून सामान्य पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल आले, आणि ते जुन्या रबरी नळ्या व सील कुरतडते. भारतात वीस टक्के मिश्रणावरून जी चर्चा चालू आहे तिचीच ही धाकटी आवृत्ती. नळ्या नव्या रबराच्या बसवता येतात. इथेनॉलमधील ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ होते, त्यासाठी मात्र जुनाच इलाज पुरतो. सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी एसयूचे जेट, सुया आणि संपूर्ण कार्बुरेटर आजही बनवते, पण बहुतेक वेळा तिच्याकडेही जावे लागत नाही: जेटखालचा षट्‌कोनी नट एक-दोन बाजू खाली फिरवला की जेट किंचित उतरते, फट वाढते आणि मिश्रण सुधारते. वेबरच्या मालकाला त्याच कामासाठी जेटांचा नवा संच विकत आणावा लागतो.