दारूच्या अमलाखालीं पकडलेलें वाहन कसें सोडवावें?



घरांतील कर्त्या माणसास दारू पिऊन वाहन चालविल्याबद्दल पोलिसांनीं पकडलें आणि वाहन ठाण्याच्या आवारांत नेऊन ठेविलें, अशी बातमी अपरात्रीं घरीं येते, तेव्हां घरच्या माणसांपुढें एकदम दोन प्रश्न उभे राहतात. एक माणसाचा व दुसरा वाहनाचा. हा अपराध जामीनपात्र असल्यामुळें माणूस बहुधा सकाळपर्यंत घरीं येतो. वाहन मात्र कित्येकदां आठवडेच्या आठवडे ऊनपाऊस खात तेथेंच उभें राहतें. याचें कारण पुष्कळदां कायद्याचा कठोरपणा हें नसून, कोठें जावें, काय दाखवावें व कोणाकडे मागावें याविषयींचें आपलें अज्ञान हें असतें. तें थोडेंबहुत दूर व्हावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेस मध्यप्रदेशचा बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड व दक्षिणेस गडचिरोली. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून जातो. मुलूख धानाचा, हंगाम सुरू झाला कीं ट्रॅक्टर व मालमोटारी रात्रंदिवस रस्त्यावर असतात. वाहन एकाचें आणि चालविणारा दुसरा, हें तर नेहमींचेंच. अशा दिवसांत चालकाच्या एका रात्रींच्या चुकीमुळें ट्रॅक्टर पंधरा दिवस अडकला, तर शिक्षा जो प्यालेला असतो त्याच्याहून अधिक त्या वाहनावर पोट भरणाऱ्या चार घरांना होते.

आतां कायदा पाहूं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ प्रमाणें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो अपराध होतो. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. शिरस्त्राण न घालण्यासारख्या लहान अपराधांचा दंड जागच्या जागीं भरून प्रकरण मिटवितां येतें; कलम १८५ चें प्रकरण तसें मिटत नाहीं. तें न्यायालयांतच जातें. म्हणून "इतके द्या, येथेंच मिटवितों" असें कोणी मध्यस्थ सांगूं लागल्यास तो आपणांस फसवीत आहे, असें खुशाल समजावें.

मद्याचें प्रमाण श्वासावरून कसें कळतें, अशी जिज्ञासा पुष्कळांस असते. पोटांत गेलेलें मद्य रक्तांत मिसळतें, आणि फुप्फुसांत रक्त व हवा यांची गांठ पडते तेथें त्याचा ठराविक अंश श्वासांत उतरतो. स्वीडनमधील एरिक विडमार्क या शास्त्रज्ञानें रक्तांतील मद्य कसें चढतें व उतरतें याचें गणित मांडलें. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यानें श्वास मोजणारें सुटसुटीत यंत्र बनविलें. रक्तांतील मद्य सामान्यतः ताशीं १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतें. म्हणजे ज्याच्या रक्तांत १२० मिलिग्रॅम आहे, त्यास कायद्याच्या मर्यादेच्या आंत येण्यास सुमारें सहा तास लागतात. ताक, लिंबाचें सरबत किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनीं हा वेळ कमी होत नाहीं. पकडलेल्या माणसाच्या हातीं तासाभरानें किल्ली कां देत नाहींत, याचें उत्तर या गणितांत आहे.

याच कायद्याचें कलम २०२ घरच्या माणसांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. गणवेशांतील पोलीस अधिकाऱ्यास आपल्या समक्ष हा अपराध करणाऱ्यास वॉरंटावांचून अटक करतां येते; परंतु अटकेपासून दोन तासांच्या आंत नोंदणीकृत वैद्याकडून त्याची तपासणी झाली पाहिजे, नाहीं तर त्यास सोडावें लागतें. वाहनाविषयीं तेंच कलम असें सांगतें कीं, जरूर पडल्यास अधिकाऱ्यानें वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावावी. "तात्पुरती" हा शब्द महत्त्वाचा आहे. वाहन रस्त्यावर बेवारस राहूं नये व प्यालेल्या माणसाच्या हातीं जाऊं नये, एवढाच त्या व्यवस्थेचा उद्देश. तेलंगण उच्च न्यायालयानें २०२१ सालीं हाच विचार स्पष्ट केला. चालक प्यालेला असल्यास त्याच्या बरोबरच्या शुद्धीवरील परवानाधारकास वाहन नेऊं द्यावें. तसा कोणी नसेल तर नातलगास वा मित्रास बोलवावें. कोणीच न आल्यास वाहन जवळच्या ठाण्यांत ठेवावें आणि पुढें मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस कागद घेऊन आला म्हणजे तें परत द्यावें, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आमचा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेंत येतो. म्हणून तो निर्णय येथें बंधनकारक नव्हे. तथापि आपल्या अर्जांत त्याचा आधार दाखविण्यास कांहींच हरकत नाहीं.

यावरून पहिला धडा हा कीं, बातमी कळतांच, शक्य असेल तर त्याच रात्रीं, घरांतील न प्यालेल्या व परवाना असलेल्या माणसानें कागद घेऊन तेथें जावें. त्यामुळें पुष्कळ प्रकरणें आवारापर्यंत पोचतच नाहींत.

वाहन आवारांत गेलेंच, तर सकाळीं प्रथम एकच प्रश्न विचारावा: तें कोणत्या कलमाखालीं ठेविलें आहे? पुढचा सर्व मार्ग या उत्तरावर अवलंबून असतो. केवळ कलम १८५ असेल, तर काम त्यांतल्या त्यांत सोपें. चालकाजवळ परवाना नव्हता किंवा वाहनाची नोंदणी नव्हती असें आढळलें असल्यास कलम २०७ लागतें. त्या कलमानें वाहन अडकवून ठेवण्याचा स्पष्ट अधिकार दिला आहे; पण संबंधित कागद दाखवून तें सोडवून मागण्याची वाटही त्यांतच आहे. अपघात होऊन कोणास इजा झाली असेल, तर भारतीय न्याय संहितेचीं कलमें लागतात, वाहन पुरावा म्हणून जप्त होतें व त्याची तांत्रिक तपासणी व्हावी लागते. चौथी परिस्थिति आमच्या सीमेवरची. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिकडे जाणाऱ्या वाहनांत बाटल्या सांपडल्या, तर प्रश्न पिण्याचा न राहतां वाहतुकीचा होतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं असें वाहन सरकारजमाही होऊं शकतें. तेथें वकिलाच्या सल्ल्यावांचून पाऊल टाकूं नये.

आतां कागदपत्रें. वाहनाचें नोंदणीपत्र, चालू विमा, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, मालकाचें ओळखपत्र, आणि जो वाहन घेऊन जाणार त्याचा चालक परवाना, एवढे कागद हवेत. मालक स्वतः येऊं शकत नसेल, तर त्याच्या सहीचें अधिकारपत्र न्यावें. वाहन कर्जावर असलें तरी नोंदणीपत्रावर ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मागणी करणारा. अडचण येते ती जुनें वाहन विकत घेऊन नांव बदलून न घेतलेल्यांची. पैसे मोजलेले असतात, पण नोंदणी पहिल्या मालकाच्या नांवें. तो बालाघाटचा किंवा राजनांदगांवचा असला म्हणजे त्यास शोधीत फिरावें लागतें. विमा संपलेला असेल, तर त्याबद्दल वेगळा दंड आहेच. शिवाय विम्यावांचून वाहन रस्त्यावर आणणें हाच पुन्हा नवा अपराध होतो. म्हणून विमा आधीं उतरवावा.

ठाण्यांतून वाहन परत न मिळाल्यास न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या ४५१ व ४५७ या कलमांचें काम आतां अनुक्रमें ४९७ व ५०३ हीं कलमें करतात. संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे "मुद्देमाल परत मिळणेबाबत" असा अर्ज करावयाचा. त्यांत वाहनाचा क्रमांक, जप्तीची तारीख, ठाण्याचें नांव, गुन्ह्याचा क्रमांक व आपली मालकी हीं लिहावीं, आणि वाहनावांचून होणारें नुकसान थोडक्यांत सांगावें. न्यायालय पोलिसांचें म्हणणें मागवितें व योग्य वाटल्यास सुपुर्तनाम्यावर वाहन देण्याचा हुकूम करतें. सुपुर्तनामा म्हणजे, हें वाहन मी सांभाळीन, विकणार नाहीं, त्याचें रूप बदलणार नाहीं आणि मागितल्यास न्यायालयापुढें हजर करीन, अशी ठराविक रकमेच्या जबाबदारीची लेखी हमी. खटला संपेपर्यंत ती पाळावी लागते.

अशा अर्जांस बळ देणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणांत १ ऑक्टोबर २००२ रोजीं दिला. जप्त वाहनें ठाण्यांत दीर्घकाळ ठेवण्यांत कांहींच अर्थ नाहीं. योग्य हमी व जामीन घेऊन तीं लौकर परत करावीं, असें त्यांत सांगितलें आहे. नव्या संहितेनें तर मुदतीच घालून दिल्या. मालमत्ता न्यायालयापुढें आल्यापासून चौदा दिवसांत तिचें वर्णनपत्र तयार करावें, छायाचित्रें घ्यावीं, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा हुकूम करावा. छायाचित्र पुराव्यास चालत असल्यामुळें प्रत्यक्ष वाहन गंजत ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

वाहन ताब्यांत घेतांना घाईनें सही करूं नये. जप्तीच्या पंचनाम्याशीं वाहन ताडून पाहावें. चाकें, जादा चाक, बॅटरी, आरसे, कांचा व अंतराचा आंकडा तपासावा. कांहीं उणें असल्यास तें पावतीवरच लिहून मागावें. नंतर केलेल्या तक्रारीस फारसें वजन राहत नाहीं.

वाहन घरीं आलें म्हणजे प्रकरण संपलें, असा समज करून घेऊं नका. मूळ खटला चालूच राहतो. तारखेस हजर न राहिल्यास वॉरंट निघूं शकतें. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पोलीस अधिकारी चालकाचा परवाना घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवितो व तो निलंबित होऊं शकतो. त्याची पोचपावती मागून घ्यावी. निलंबनाच्या काळांत तेंच वाहन त्याच माणसानें चालविलें, तर दुसरा अपराध घडतो. मालकानेंही सावध असावें. हा प्यालेला आहे हें ठाऊक असून किल्ली देणारा कलम १८८ प्रमाणें चिथावणीच्या दोषास पात्र होऊं शकतो. अशा स्थितींत अपघात झाला, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानाची भरपाई विमा कंपनी सामान्यतः देत नाहीं.

सुज्ञ गृहस्थांस व गृहिणींस शेवटीं दोन गोष्टी सुचवितों. वाहनाचे सर्व कागद एका पाकिटांत, घरांतील दोघां माणसांस ठाऊक असलेल्या जागीं ठेवावे, आणि विम्याची शेवटची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी. दुसरी गोष्ट, लग्नाच्या मेजवानीस किंवा मित्रमंडळींत जातांना परतीच्या वेळीं वाहन कोण चालविणार, हें घर सोडण्यापूर्वींच ठरवावें. तिकडे गेल्यावर तें ठरत नाहीं. आवारांत अडकलेलें वाहन अर्ज, कागद व हमी यांच्या बळावर आज ना उद्यां परत मिळतें. रस्त्यावर गेलेला जीव परत देण्याचा हुकूम मात्र कोणतेंही न्यायालय करूं शकत नाहीं.